शेतातला कार्बन विकायचा म्हणजे नेमकं काय विकायचं?

अलीकडे गावाकडून येणाऱ्या फोनवर पाऊसपाणी आणि लग्नकार्यं यांच्या जोडीला एक नवा विषय असतो. "कंपनीची माणसं आली होती. बांधावर झाडं लावा, पाचट जाळू नका, कार्बनचे पैसे मिळतील म्हणतात. सही करायची का?" परदेशात राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची नावं सातबाऱ्यावर काका-भावंडांच्या नावांसोबत असतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यापर्यंत पोचतोच. उत्तर देण्याआधी हे पैसे कशाचे असतात ते पाहू.

एक क्रेडिट म्हणजे किती?

एक कार्बन क्रेडिट म्हणजे १ टन कार्बन डायऑक्साइड. तो हवेत जाण्यापासून रोखलेला असेल किंवा हवेतून काढून झाडात-मातीत साठवलेला असेल. स्वतःचं उत्सर्जन पुरेसं कमी करू न शकणारी कंपनी हे क्रेडिट विकत घेते आणि आपल्या हिशोबात वजा दाखवते.

इथे एक आकडा लक्षात ठेवायचा: ३.६७. कार्बनच्या अणूचं वजन १२ आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचं ४४. म्हणून झाडात किंवा मातीत १ टन कार्बन साठला, की हवेतला ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड कमी झाला असं धरतात.

झाडाचा हिशोब

झाड तोडून वजन करता येत नाही. म्हणून जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात आणि त्या जातीसाठी तयार केलेल्या समीकरणातून वजनाचा अंदाज काढतात. समजा, एका झाडाचं जमिनीवरचं सुकं वजन २०० किलो आहे. मुळांसाठी त्यात साधारण पाव भाग मिळवला की २५० किलो. सुक्या लाकडात सुमारे ४७ टक्के कार्बन असतो, म्हणजे ११७ किलो. त्याला ३.६७ ने गुणलं की साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइड. अशी दोन-तीन झाडं मिळून १ क्रेडिट होतं, तेही झाड तेवढं वाढायला लागलेल्या सगळ्या वर्षांचं मिळून.

मातीचा हिशोब

एक एकर जमिनीतल्या वरच्या ३० सेंटिमीटर थराचं वजन साधारण १,५८० टन भरतं (एका घनमीटर मातीचं वजन १.३ टन धरून). पाचट कुजवून, हिरवळीचं खत गाडून, मशागत कमी करून त्यातला सेंद्रिय कार्बन ०.५ टक्क्यावरून ०.६ टक्क्यावर नेला, तर १.५८ टन कार्बन वाढला, म्हणजे ५.८ टन कार्बन डायऑक्साइड. याला पाच वर्षं लागली असं समजू. वर्षाला एकरी साधारण सव्वा क्रेडिट झालं. क्रेडिटला १० डॉलर भाव धरला, तर ढोबळमानाने वर्षाला एकरी हजार रुपये. मोजणी, तपासणी, नोंदणी आणि मधल्या कंपनीचा वाटा यातूनच जातो.

त्यात ०.५ आणि ०.६ यांतला फरक पकडणंच अवघड आहे. एकाच शेतात विहिरीजवळची माती आणि माळाकडची माती यांत याहून जास्त फरक असू शकतो. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीत आणखी दोन गुंते आहेत. ती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, त्यामुळे "३० सेंटिमीटर" थरात किती माती आली हे ओलाव्यानुसार बदलतं. शिवाय तिच्यात चुनखडी असते. चुनखडीतही कार्बन असतो, पण तो सेंद्रिय नाही. तो वेगळा काढला नाही तर आकडा फुगतो. चांगली मोजणी म्हणूनच महाग पडते आणि असे प्रकल्प हजारो शेतकऱ्यांची मोट बांधूनच उभे राहतात.

चार अटी

पहिली अट: क्रेडिटच्या पैशामुळे काहीतरी नवं घडलं पाहिजे. आजोबांनी लावलेली आंब्या-काजूची बाग आजही कार्बन धरून आहे, पण ती प्रकल्पाआधीची असल्याने तिचं क्रेडिट होत नाही. ही अट कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात सगळ्यात निसरडी. "प्रकल्प नसता तर काय झालं असतं?" हे कोणालाच मोजता येत नाही, फक्त अंदाज बांधता येतो. २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा देशांतल्या २६ जंगल-संरक्षण प्रकल्पांचा अभ्यास आला. बहुतेक प्रकल्पांनी जंगलतोड लक्षणीयरीत्या कमी केलेली नव्हती आणि जिथे कमी झाली, तिथेही ती दाव्यापेक्षा बरीच थोडी होती.

दुसरी अट टिकण्याची. नांगरट पुन्हा सुरू केली किंवा झाड जळालं, तर साठलेला कार्बन परत हवेत जातो. म्हणून काही क्रेडिट विम्यासारखी राखून ठेवतात. कॅलिफोर्नियाच्या योजनेत जंगलातला कार्बन १०० वर्षं टिकावा अशी अपेक्षा आहे. पण २०२२ च्या एका अभ्यासानुसार, वणव्यांसाठी शतकभर पुरायला हवा असलेला राखीव साठा दहा वर्षांच्या आतच जवळजवळ संपला होता.

तिसरी अट: एका जागचं उत्सर्जन दुसरीकडे सरकता कामा नये. शेजारच्या शेतातलं शेणखत आणून आपल्या शेतात घातलं, तर आपला कार्बन वाढतो आणि शेजाऱ्याचा घटतो. हवेला त्याचा काहीच फायदा नाही.

चौथी अट: एकच टन दोनदा विकला जाता कामा नये.

शिकागोचा धडा

अमेरिकेत हा प्रयोग आधीच होऊन गेला आहे. अर्थतज्ज्ञ रिचर्ड सँडर यांच्या पुढाकाराने २००३ मध्ये शिकागो क्लायमेट एक्स्चेंज या बाजारात व्यवहार सुरू झाले. मध्य-पश्चिमेकडच्या मका-सोयाबीनच्या शेतकऱ्यांनी नांगरट न करण्याचे करार केले. प्रत्येक शेतातली माती तपासली जात नव्हती. प्रदेशानुसार ठरलेल्या दराने क्रेडिट मिळे, चांगल्या भागात एकरी वर्षाला साधारण अर्धा टन.

मग दोन गोष्टी घडल्या. २००७ मध्ये मिनेसोटातले शास्त्रज्ञ जॉन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की विनानांगरट शेतीत कार्बन वाढतो असं सांगणारे बहुतेक अभ्यास फक्त वरचे ३० सेंटिमीटर किंवा त्याहून कमी खोदून केलेले होते. जास्त खोल नमुने घेतलेल्या ठिकाणी तसा ठाम फरक दिसत नव्हता. नांगरट थांबवली की कार्बन वरच्या थरात साचतो, पण खालच्या थरात तो कमीही असू शकतो. दुसरी गोष्ट बाजारातली. क्रेडिट सक्तीने विकत घ्यायला लावणारा कायदा येईल या आशेवर २००८ मध्ये भाव टनाला ७ डॉलरच्या वर गेला. तो कायदा सिनेटमध्ये अडकला आणि २०१० पर्यंत भाव काही सेंटवर आला. त्याच वर्षाअखेर तिथले व्यवहार थांबले. शेतकऱ्याने आपली बाजू पाळली होती, पण पैसे त्याच्या हातात नसलेल्या दोन गोष्टींवर अवलंबून होते: मोजणीची पद्धत आणि सरकारी धोरण.

भारतात २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये कृषी मंत्रालयाने शेतीसाठीच्या ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केला. म्हणजे अशी विचारणा आता वाढतच जाणार.

फोनवर काय सांगायचं?

सही करण्याआधी या प्रश्नांची उत्तरं लेखी मागायला सांगा:

- करार किती वर्षांचा? झाडांचे करार वीस-तीस-चाळीस वर्षांचेही असू शकतात. दरम्यान जमीन विकली किंवा वाटणी झाली तर काय?
- सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती घेतली आहे का?
- भाव ठरलेला आहे की बाजारावर सोडलेला? खर्च वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती टक्के?
- पहिले पैसे कधी मिळणार? तोवर रोपांचा आणि मजुरीचा खर्च कोणाचा?
- झाडं वाळली, जळाली तर पैसे परत द्यावे लागतील का?
- माती किती खोल आणि किती ठिकाणी तपासणार? अहवाल शेतकऱ्याला मिळणार का?

यातल्या एका-दोन प्रश्नांनाही धड उत्तर मिळालं नाही, तर सही थांबवलेली बरी. पाचट मात्र तरीही जाळू नये. ते कुजलं की जमीन ओल धरते आणि भुसभुशीत राहते, आणि हा फायदा पहिल्या दोन-तीन हंगामांतच दिसू लागतो. बांधावरच्या झाडाचंही तसंच: सावली, फळं, लाकूड हे त्याचं खरं उत्पन्न. कार्बनचे पैसे आले तर ते वरकड समजावेत. त्यांच्या भरवशावर कर्ज काढू नये, एवढं मात्र फोनवर नक्की सांगा.