शनिवार-रविवारात दोन बंदरं: कोलंबो आणि गॉल

प्रश्न: मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण, दोघीही पुण्यात नोकरी करतो. शुक्रवारी संध्याकाळी निघून सोमवारी कामावर हजर व्हायचं, या हिशेबात परदेशातली समुद्रकाठची दोन शहरं माणशी तीस-पस्तीस हजारांत पाहून होतील का? आमच्या मनात श्रीलंका आहे. नकाशात कोलंबो ते गॉल रेल्वेची रेघ किनाऱ्याला अगदी चिकटलेली दिसते. गाडी खरंच समुद्राच्या इतक्या जवळून जाते का? आणि दोन्ही बंदरंच, तर एक एवढं वाढलं आणि दुसरं जुन्यासारखंच कसं राहिलं?
— एक वाचक, पुणे

उत्तर: होतील, पण विमानाचं जाऊन-येऊन तिकीट वीस हजारांच्या आत मिळालं तरच. या सहलीतला सगळ्यात मोठा खर्च तोच, आणि तुमच्या हातात असलेलाही तोच. आधी सहलीची तारीख ठरवून मग तिकीट शोधू नका. दोन-तीन महिन्यांतले सगळे शनिवार-रविवार समोर ठेवा आणि स्वस्त तिकीट ज्या आठवड्यात मिळेल तो आठवडा पक्का करा. मुंबईहून कोलंबोला थेट विमानाने साधारण अडीच तास लागतात. श्रीलंकेची वेळ आणि आपली वेळ एकच, त्यामुळे घड्याळही बदलावं लागत नाही. प्रवेश परवान्याचे नियम आणि शुल्क मात्र गेल्या काही वर्षांत वरचेवर बदललेत. म्हणून तिकिटाचे पैसे भरण्याआधी श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या दिवसाचा नियम वाचा.

तारीख निवडताना दोन गोष्टी पाहा. पहिली पाऊस. कोकणाला भिजवणारा नैऋत्य मोसमी पाऊसच मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो-गॉलच्या किनाऱ्यावर पडतो. तिथला चांगला काळ म्हणजे डिसेंबर ते मार्च. दुसरी पौर्णिमा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते. त्या दिवशी दारूविक्री बंद असते, आणि पोया शनिवार-रविवारला जोडून आली की गाड्यांना तुडुंब गर्दी होते. दोन दिवसांच्या सहलीत तो आठवडा टाळलेला बरा.

आता तुमच्या रेल्वेच्या शंकेकडे. कोलंबो फोर्ट स्टेशन सोडलं की थोड्याच वेळात रूळ समुद्राकाठी येतात, ते इतके जवळ की काही ठिकाणी रूळ आणि पाणी यांच्यामध्ये फक्त दगडांचा बांध उरतो. लाट जोरात आपटली तर खिडकीशी तुषार येतात. गॉलकडे जाताना उजव्या हाताला बसा, समुद्र त्याच बाजूला आहे. माउंट लॅव्हिनिया, पानादुरा, कळुतारा, अंबलंगोडा, हिक्कडुवा अशी स्टेशनं लागतात. कळुताऱ्याला नदी ओलांडताना पांढरा स्तूप दिसतो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आत, वेळ अडीच ते तीन तास. दुसऱ्या वर्गाचं बिनआरक्षित तिकीट आपल्या दोन-तीनशे रुपयांच्या आत येतं. एवढ्या पैशांत समुद्राचं इतकं जवळून दर्शन घडवणारा दुसरा मार्ग माझ्या माहितीत नाही.

याच मार्गावर हिक्कडुव्याच्या अलीकडे पेरालिया नावाचं गाव आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत तिथे भरलेली प्रवासी गाडी लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसं गेली. जगातल्या सर्वांत भीषण रेल्वे दुर्घटनांमध्ये तिची गणना होते. तिथे स्मारक आहे. खिडकीतून समुद्राचे फोटो काढताना हे गाव कुठलं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

दोन बंदरांचं नशीब वेगळं का झालं, हा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोठा मान गॉललाच होता. पूर्वेकडे जाणारी वाफेची जहाजं तिथे कोळसा-पाणी घ्यायला थांबत. पण गॉलच्या खाडीत खडक होते आणि ती पावसाळी वाऱ्याला उघडी होती. शिवाय कॉफीचे आणि पुढे चहाचे मळे डोंगरात होते आणि तिथला माल कोलंबोला उतरवणं सोयीचं होतं. इंग्रजांनी 1875 मध्ये कोलंबोत लाटा अडवणाऱ्या धक्क्याचं काम सुरू केलं आणि ते 1885 मध्ये पुरं झालं. जहाजं तिकडे वळली. गॉलपर्यंत रेल्वे आली ती त्यानंतर, 1894 मध्ये. व्यापार गेला, पैसा गेला, आणि म्हणूनच किल्ल्यातली जुनी घरं पाडून नवी गोदामं बांधायची कुणाला गरज पडली नाही. आज आपण जे पाहायला जातो ते त्या पीछेहाटीमुळेच वाचलं आहे. 1988 मध्ये किल्ल्यासह हे जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. कोलंबो मात्र आजही दक्षिण आशियातलं मोठं कंटेनर बंदर आहे, आणि तिथे एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढणाऱ्या मालात भारताचा वाटा मोठा आहे.

आता सहलीचा क्रम: आधी गॉल करा, मग कोलंबो. शनिवारी सकाळी विमानतळावरून 187 क्रमांकाच्या बसने कोलंबो फोर्टला या आणि थेट गॉलची गाडी धरा. विमान रात्री उशिरा उतरत असेल तर बस शोधत फिरू नका. विमानतळाच्या आतल्या काउंटरवरून टॅक्सी घ्या किंवा जवळच निगोंबोत मुक्काम करा. दोघी असल्यामुळे टॅक्सी आणि खोली दोन्हींचा खर्च निम्मा होतो. एवढ्या लहान बजेटमध्ये हा फरक मोठा असतो.

शनिवारची रात्र किल्ल्याच्या आतच काढा. तिथे लोकांनी आपल्या राहत्या घरांत चालवलेली छोटी गेस्टहाउस आहेत. संध्याकाळी तटावरून पूर्ण फेरी मारा, रमतगमत तास-दीड तास पुरतो. पोर्तुगीजांनी बांधलेला हा किल्ला डच ईस्ट इंडिया कंपनीने 1640 मध्ये घेतला आणि पुढे भक्कम केला. याच डच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. जुन्या दरवाजाशी थोडं थांबा. आतल्या बाजूला दगडात कंपनीची आद्याक्षरं कोरलेली आहेत, दोन्ही बाजूंना सिंह, वर कोंबडा आणि खाली 1669 हे साल. त्याच दरवाजाच्या बाहेरच्या तोंडाला इंग्रजांचं राजचिन्ह आहे. दोन सत्तांच्या खुणा एकाच भिंतीत, मध्ये फक्त कमानीची जाडी. 2004 मध्ये लाटांनी बाहेरचं शहर आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त केलं तेव्हा याच तटांनी आतली वस्ती बरीचशी वाचवली.

रविवारी सकाळच्या गाडीने कोलंबोला परता. विमानतळ शहरापासून बत्तीसेक किलोमीटरवर आहे. गाडी लांबली तरी विमान चुकू नये, म्हणूनच हा क्रम. दुपारी राष्ट्रीय संग्रहालयात एक शिळा आवर्जून पाहा. ती 1911 मध्ये गॉलमध्ये सापडली. चिनी दर्यासारंग झंग ह याच्या मोहिमेतली ही शिळा, 1409 सालची. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी असे तीन लेख आहेत. चिनी लेखात बुद्धाला, तमिळ लेखात विष्णूरूप देवाला आणि फारसी लेखात अल्लाला अर्पण केलेल्या भेटींची नोंद आहे. बंदरात सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं, हे त्या दर्यासारंगाला ठाऊक होतं.

खाण्याची चंगळ कमी पैशांत होते. सकाळी इडिअप्पम घ्या. आपल्या कोकणातल्या शिरवाळ्यांची ही सख्खी बहीण, फक्त गोड रसाऐवजी सोबत डाळीची आमटी आणि ओल्या नारळाचं तिखट सांबोल. शाकाहारी असाल तर आधी विचारा, कारण सांबोलात आणि कधीकधी डाळीतही सुक्या माशाची पूड असते. रविवारी संध्याकाळी गॉल फेस मैदानावर कोळंबीचे वडे मिळतात, आणि रात्री कुठल्याही साध्या हॉटेलात तव्यावर खणखणाट करत रोटी तोडून बनवलेलं कोत्तु. फेब्रुवारी 2024 पासून श्रीलंकेत आपलं यूपीआय सुरू झालंय. पण बस, रेल्वे आणि टपऱ्यांसाठी रोख जवळ हवीच. गॉलमध्ये रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा. कोलंबोत मीटरची रिक्षा धरा.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगायला हवी. श्रीलंका आपल्याला स्वस्त पडते त्याला कारण आहे. 2022 च्या सुरुवातीला तिथे एका डॉलरला सुमारे दोनशे श्रीलंकन रुपये मोजावे लागत. काही महिन्यांतच तो आकडा साडेतीनशेच्या पुढे गेला. देशाने परकीय कर्जाची फेड थांबवली. पेट्रोल, गॅस आणि औषधं यांसाठी रांगा लागल्या. तुम्ही जिथे वडे खाणार त्याच गॉल फेसवर हजारो तरुणांनी तळ ठोकला आणि जुलैमध्ये राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला. आज आपल्या एका रुपयाला जे तीन-साडेतीन रुपये मिळतात, त्यात त्या लोकांच्या आटलेल्या पगारांचा आणि बुडालेल्या बचतीचा हिस्सा आहे.

तेव्हा काटकसर विमानाच्या तिकिटात करा, खरेदीच्या पिशव्यांत करा. घरगुती गेस्टहाउसवाल्या बाईंशी, रिक्षावाल्याशी, वडेवाल्याशी पन्नास-शंभर श्रीलंकन रुपयांवरून घासाघीस करू नका. ते आपले पंधरा-तीस रुपये असतात. मोठ्या साखळी हॉटेलपेक्षा राहत्या घरातली खोली घ्या, म्हणजे तुमचा पैसा थेट त्या घरात जाईल. एवढं सांभाळूनही तुमचं बजेट पस्तीस हजारांच्या आत बसतं. तेव्हा मैत्रिणीला आजच फोन करा आणि डिसेंबर ते मार्चमधल्या पौर्णिमा सोडून उरलेल्या शनिवारांची यादी काढा.