इंग्रजी स्थलनामे : लेखन आणि उच्चार यांतील अंतर



मागील घटकात आपण उच्चार आणि लेखन यांच्या संबंधाचा विचार केला. प्रस्तुत घटकात या संबंधाचे एक टोकाचे उदाहरण अभ्यासावयाचे आहे. ते म्हणजे इंग्लंडमधील गावांची नावे.

विषयाकडे वळण्यापूर्वी एक आठवण नमूद करतो. विद्यार्थिदशेत एका चर्चासत्रात निबंध वाचताना मी एका इंग्रजी शहराचा उल्लेख 'वॉर्सेस्टर' असा केला आणि सभागृहात खसखस पिकली. त्या शहराचा उच्चार 'वुस्टर' असा आहे, हे मला त्या दिवशी कळले. आपल्यापैकी अनेकांनी इंग्रजी भाषा कानांनी नव्हे, तर पुस्तकांतून, डोळ्यांनी शिकली आहे. त्यामुळे असा प्रसंग आपल्यावरही आला असेल. अशा चुकीला अज्ञान म्हणावयाचे की आणखी काही, हा प्रश्न मनात ठेवून पुढील विवेचन वाचावे.

प्रथम 'सेस्टर' असा शेवट असलेली नावे घेऊ. लॅटिनमधील 'कास्त्रा' म्हणजे लष्करी छावणी. रोमन अमदानीतील तटबंदीच्या गावांना जुन्या इंग्रजीत या शब्दावरून आलेले 'चेआस्टर' हे पद जोडले जाई. मँचेस्टर आणि विंचेस्टर या नावांत ते आजही स्पष्ट ऐकू येते. वुस्टरचे जुने नाव 'वेओगोर्ना-चेआस्टर' असे लांबलचक होते. इंग्रजीत अशा नामांवरील आघात बहुधा पहिल्या अक्षरावर पडतो. आघात ज्या अक्षरावर असतो ते टिकते. त्यामागील अनाघात अक्षरे क्षीण होत जातात, त्यांतील स्वर अस्पष्ट 'अ'सारखा होतो आणि पुढे तोही गळतो. १०६६ नंतर नॉर्मन लेखनिकांच्या हाती ही नावे गेली. 'च'च्या जागी 'स' येण्यामागे त्यांच्या फ्रेंच वळणाचा प्रभाव मानला जातो. दोन लागोपाठचे 'स' एकमेकांत मिसळले, की लेस्टर, ग्लॉस्टर, बिस्टर असे आटोपशीर उच्चार सिद्ध होतात. 'टोसेस्टर' असे वाचावेसे वाटणाऱ्या गावाचे नाव तर पाव भाजण्याच्या 'टोस्टर'सारखेच उच्चारले जाते.

दुसरा गट 'विच' व 'विक' या पदांचा. लॅटिन 'विकुस', म्हणजे वस्ती, या शब्दाशी त्यांचा संबंध आहे. येथे अनाघात पदाच्या आरंभीचा 'व' लोपतो आणि ग्रेनिच, नॉरिच, वॉरिक असे उच्चार होतात. मराठी शालेय भूगोलातून आपल्या परिचयाचे झालेले 'ग्रीनविच' ते हेच. मात्र हा नियम सार्वत्रिक नाही. 'इप्सविच'मधील 'व' शाबूत आहे. लंडनमधील 'साउथवर्क' असे लिहिले जाणारे नाव 'सदर्क' होते, तर नॉर्फकमधील 'हॅपिसबर्ग' असे दिसणारे गाव प्रत्यक्षात 'हेझ्बरा' असते.

मग लेखन का बदलले नाही? कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. त्यानंतरच्या काळात लेखन हळूहळू स्थिर होत गेले. उच्चार मात्र पुढे चालत राहिला. काही ठिकाणी तर लेखनाने मागे जाऊन नसलेला इतिहास उभा केला. टेम्स नदीच्या नावात जुन्या उच्चारात 'ह' नव्हता. विद्वत्तेच्या हौसेपायी तो लेखनात घुसवला गेला आणि आपण मराठीत 'थेम्स' लिहू लागलो. याबाबत आपण एकटे नाही : अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात याच नावाची नदी आहे आणि तेथील लोक तिला 'थेम्स' असेच म्हणतात.

हे शेवटचे उदाहरण आपल्या प्रश्नाला थेट भिडते. गावाचे नाव दोन प्रकारचे लोक जाणतात : कानाने जाणणारे आणि डोळ्याने जाणणारे. रहिवासी पहिल्या प्रकारात येतो. नकाशा, वेळापत्रक वा पुस्तक वाचणारा परका दुसऱ्या प्रकारात. इंग्लंडमधील 'बर्मिंगम' हे नाव १८७१ मध्ये अमेरिकेतील अलाबामातील नव्या शहराला देण्यात आले, तेव्हा तेथे शेवटी स्वच्छ 'हॅम' उच्चारले जाऊ लागले. खुद्द इंग्लंडमध्येही हेच घडले आहे. 'डॅव्हेंट्री'चा जुना उच्चार 'डेंट्री', 'पॉन्टिफ्रॅक्ट'चा 'पॉम्फ्रेट' आणि 'सायरनसेस्टर'चा 'सिसिटर' असा होता. साक्षरता आणि प्रवास वाढला, तसे अक्षरानुसार वाचणारे बहुसंख्य झाले आणि जुने उच्चार मागे पडले. या प्रक्रियेला लेखनानुसारी उच्चार म्हणतात. म्हणजे ज्या 'चुकी'ला सभागृह हसते, तीच चुक पुरेशा लोकांनी केली तर ती प्रमाण ठरते. माझ्या मते तिला अज्ञान म्हणणे शास्त्राला धरून नाही. वाचकाने लेखनाचे नियम इमानदारीने लावलेले असतात. नियमांनी त्याला दगा दिलेला असतो.

बीबीसीपुढेही हा पेच आला. १९२६ मध्ये तिने उच्चारविषयक सल्लागार समिती नेमली आणि १९३० मध्ये निवेदकांसाठी इंग्लंडमधील स्थलनामांच्या उच्चारांची पुस्तिका काढली.

आपली देवनागरी 'जसे बोलतो तसे लिहितो' या तत्त्वावर चालते, असा आपला समज असतो. तो अंशतःच खरा आहे. 'कळवण' या नावात आपण चार 'अ' लिहितो आणि दोनच उच्चारतो. शिवाय रोमन लिपीने आपल्याही नावांवर हाच प्रयोग केला आहे. मुंबईतील शीव, म्हणजे सीमा, रोमन पाटीवर इंग्रजी वळणाने लिहिले गेले. ती पाटी डोळ्यांनी वाचणाऱ्यांनी त्याचे 'सायन' केले, असे एक मत आहे. आज शेजारी राहणारी दोन माणसे ही दोन वेगवेगळी नावे वापरतात.

कृती : आपल्या तालुक्यातील अशी पाच गावे निवडा, ज्यांची रोमन पाटी वाचून परका माणूस वेगळा उच्चार करील. प्रत्येक नावाचा उच्चार गावातील एका वृद्ध व्यक्तीकडून आणि एका शाळकरी मुलाकडून ऐकून घ्या व देवनागरीत नोंदवा. दोहोंत फरक आढळल्यास कोणते अक्षर क्षीण झाले आहे ते दाखवा.