गाडी का थरथरते? इंजिनाचे माउंट, त्यातलं रबर आणि फाउंडेशन बोल्ट

आजचा पाठ पुस्तकातला नाही, पण त्यातलं विज्ञान मात्र पुस्तकातलंच आहे. गतीचे नियम, वारंवारता, अनुनाद हे सगळं आपण परीक्षेपुरतं पाठ करतो आणि तेच विज्ञान शाळेच्या गेटबाहेर स्टँडवर उभं असतं.

झालं असं. नववीतल्या एका मुलाचे वडील चाफ्याची फुलं पोहोचवतात. आगाशीकडून पहाटे निघायचं, टोपल्या मागे बांधायच्या आणि विरार स्टेशन गाठून दादरच्या फुलबाजाराकडे जाणारी लोकल पकडायची. त्यांची जुनी मोटारसायकल पावसाळ्यापासून इतकी थरथरू लागली की स्टेशनवर उतरल्यावर उजव्या हाताची बोटं बराच वेळ बधिर राहायची. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "इंजिन खोलावं लागेल, आठ-दहा हजार धरा." दसरा-दिवाळी तोंडावर, म्हणजे फुलांचा मुख्य हंगाम. गाडी चार दिवस गॅरेजला ठेवली तर धंदा गेला आणि पैसे तर जाणारच. मुलगा मला म्हणाला, "सर, तुम्ही एकदा बघता का?" मी काही मेकॅनिक नाही. पण रविवारी एका ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना सोबत घेतलं आणि आम्ही तिघं-चौघं त्या गाडीभोवती बसलो.

आधी मूळ प्रश्न घेऊ. इंजिन थरथरतंच का? एक सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. दर वेळी त्याचा वेग बदलतो, म्हणजे त्वरण आहे, म्हणजे बल आहे. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की तेवढंच बल उलट दिशेने इंजिनाच्या सांगाड्यावर बसणार. आकडा काढून बघा. पिस्टन आणि त्याच्यासोबत वर-खाली होणारे भाग मिळून समजा 200 ग्रॅम आणि क्रँकची त्रिज्या 25 मिलिमीटर. मिनिटाला 1400 फेऱ्यांवर, म्हणजे गाडी नुसती उभी असताना, हे बल साधारण 107 न्यूटन येतं. अकरा किलोचं वजन समजा. आता 6000 फेऱ्यांवर काढा. जवळजवळ 1970 न्यूटन, म्हणजे दोनशे किलो! फेऱ्या सव्वाचार पट झाल्या, पण बल अठरा पट झालं, कारण ते फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. क्रँकला उलट वजन लावून यातला काही भाग मारता येतो, सगळा नाही. उरलेला धक्का इंजिन ज्या बोल्टांवर उभं असतं त्या बोल्टांमधून चेसीत जातो.

या बोल्टांना आपल्याकडे सगळे मिस्त्री 'फाउंडेशन बोल्ट' म्हणतात. घराच्या पायासारखंच. शब्द मला फार आवडतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर दुकानात जाऊन फसाल. प्रत्येक मोटारसायकलच्या फाउंडेशनला रबर नसतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या कित्येक गाड्यांत इंजिन सरळ लोखंडाला लोखंड लावून घट्ट बसवलेलं असतं, कारण तिथे इंजिन स्वतःच चेसीला ताठपणा देतं आणि चेन सरळ रेषेत राहते. अशा गाडीत थरथर अडवायला हँडल, फुटरेस्ट, टाकी अशा ठिकाणी रबर घालतात. काही गाड्यांत एखाद-दोन जोडांत रबर बुश असतो. स्कूटरचं वेगळंच असतं. आपल्या आकुर्डीच्या बजाजची चेतक आठवते? 1972 साली आलेली. तिचं इंजिन मागच्या चाकासकट एका सांध्यावर वर-खाली झुलायचं आणि त्या सांध्यात रबराचे 'सायलेंट ब्लॉक' असायचे. आजच्या गिअरलेस स्कूटरमध्येही इंजिन आणि मागचं चाक एकत्रच हँगरवर लटकतं आणि त्याचे बुश गेले की वळणावर गाडीची मागची बाजू हलल्यासारखी वाटते. परदेशातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडची नॉर्टन कमांडो. 1967 साली त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा स्विंग आर्म असा सगळा जुडगा रबरावर बसवला. थरथर खूप कमी झाली, पण रबराजवळची फट नीट राखली नाही की गाडी वळणावर डगमगायची. फायदा आणि तोटा एकाच जोडात.

रबर थरथर अडवतं म्हणजे नेमकं काय करतं? "मऊ असतं म्हणून" हे उत्तर अर्धंच आहे. वर्गात आम्ही एक प्रयोग केला, तुम्हीही करा. एका लांब रबरबँडला कुलूप लटकवा. हात अगदी हळू वर-खाली करा. कुलूप हातासोबत जातं. वेग थोडा वाढवा. एका ठरावीक वेगाला कुलूप वेड्यासारखं उड्या मारतं, हात हलतो त्याच्या कितीतरी पट. हा अनुनाद. आता हात खूप भराभर हलवा. गंमत बघा, कुलूप जवळजवळ स्थिर राहतं! हात थरथरतोय पण कुलपाला पत्ताच नाही. रबर माउंट याच तिसऱ्या अवस्थेत काम करतं. गणित असं, की धक्क्याची वारंवारता ही माउंटच्या स्वाभाविक वारंवारतेच्या 1.41 पटीपेक्षा (2 चं वर्गमूळ) जास्त असेल तरच रबर धक्का कमी करतं. त्याच्या खाली ते उलट वाढवतं.

आता जुन्या रबराला काय होतं ते बघू. उदाहरणादाखल धरा की नव्या बुशवर बसलेल्या इंजिनाची स्वाभाविक वारंवारता 15 हर्ट्झ आहे. 1400 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 23 धक्के. पंधराला 1.41 ने गुणलं तर 21. तेवीस त्याच्या वर आहे, म्हणजे ठीक. काही वर्षांत उष्णतेने रबर कडक झालं आणि त्याचा ताठपणा दुप्पट झाला. मग स्वाभाविक वारंवारता 1.41 पट, म्हणजे 21 हर्ट्झ होते. आणि धक्के आहेत 23! कुलूप उड्या मारत होतं तीच अवस्था. जो बुश थरथर अडवायचा तोच आता ती वाढवतोय. रबर फाटलं तर त्याहून वाईट, लोखंड लोखंडावर आपटतं.

रबर कडक का होतं? चार्ल्स गुडइयरने 1839 साली गंधक घालून रबर तापवलं आणि चिकट, पातळ होणारं रबर टिकाऊ झालं. यालाच व्हल्कनायझेशन म्हणतात. गंधकाचे पूल रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात. सिलिंडरजवळच्या उष्णतेत आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे वर्षानुवर्षं असे बंध वाढत राहतात, मग लवचीकपणा जातो. तेल आणि डिझेलने उलटं होतं. नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं. आपल्याकडे गाडी धुताना इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल मारायची सवय आहे. चकाचक दिसतं, पण बुश खातं. त्यात आपली वसई. अर्नाळ्याचा खारा वारा, मिठागरं, पावसात साचलेलं पाणी. बोल्ट गंजून एकजीव होतात आणि खड्डे उरलेलं काम पूर्ण करतात.

मिस्त्रींनी तपासणी कशी केली ते मला फार शिकवून गेलं. त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी गाडी चालवली. चालत्या गाडीत क्लच दाबून फेऱ्या उतरू दिल्या. थरथर लगेच कमी झाली, म्हणजे दोष चाकात किंवा टायरमध्ये नाही, इंजिनाच्या बाजूला आहे. मग मेन स्टँडवर उभी करून ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवला. एका ठरावीक पट्ट्यात आरसा धूसर व्हायचा, पुढे पुन्हा बरा. इंजिनाच्या आत काही ढिलं असेल तर फेऱ्यांसोबत आवाज नि धक्का वाढतच जायला हवा. ठरावीक पट्ट्यातच वाढतो म्हणजे अनुनादाचा संशय. शेवटी त्यांनी टॉर्च मारली आणि पुढच्या फाउंडेशन बोल्टाच्या वॉशरभोवती बोट फिरवून मला दाखवलं. बोटावर बारीक तांबूस पूड. "हा साधा गंज नाही सर. बोल्ट आत हलतोय, घासून पूड पडतेय." वरच्या जोडातला बुश तर चिरांनी भरलेला होता. इंजिन खोलायची गरजच नव्हती.

बदलण्याचं काम थंड इंजिनावर. पेट्रोलचा कॉक बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी, गाडी मेन स्टँडवर. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावायचा, पण इंजिन उचलायचं नाही, फक्त त्याचं वजन पेलायचं. सायलेन्सरचे बोल्ट ढिले केले, कारण सायलेन्सर इंजिनालाही जोडलेला असतो आणि चेसीलाही, तो इंजिनाला ओढून धरतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, ते रबराला लागू न देता. आणि एका वेळी एकच बोल्ट काढायचा. सगळे एकदम काढले तर इंजिन सरकतं आणि भोकं जुळवता जुळवता संध्याकाळ होते. बोल्ट अडला की आपण हातोडी शोधतो. मिस्त्रींनी जॅक केसभर खाली घेतला आणि बोल्ट बोटांनी बाहेर आला. तो गंजाने नाही, वजनाने अडकला होता.

जुना बुश काढायला व्हाइसमध्ये एका बाजूला मोठी गोटी, दुसऱ्या बाजूला लहान गोटी धरली आणि दाबला. नवा बसवताना साबणाचं पाणी लावलं, ग्रीस नाही. कारण वर आलंच आहे. बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते. बोल्ट आवळला की ती नळी पकडली जाते, रबर नाही. रबर मोकळंच राहायला हवं. काही जण ही नळी जुनी, झिजलेली ठेवतात किंवा जाड वॉशर घालून भागवतात, मग रबरच चिमटलं जातं आणि नवा बुश पहिल्या दिवसापासून कडक वागतो. पुढचा झिजलेला बोल्टही बदलला. ब्रॅकेटचं भोक नशिबाने गोलच होतं. लांबट झालं असतं किंवा वेल्डिंगजवळ तडा दिसला असता तर नुसत्या नव्या बोल्टाने भागलं नसतं.

सगळे बोल्ट आधी हाताने लावले, जॅक काढला, गाडी हलवून इंजिनाला आपल्या जागी बसू दिलं आणि मगच आवळले. किती आवळायचं ते त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. समजा 40 लिहिलंय. तर 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 160 न्यूटन, म्हणजे सोळा किलोचा जोर. टॉर्क पाना नसेल तर निदान हा हिशोब तरी डोक्यात असू द्या. "अजून एक झटका" देऊन आटे खराब झालेल्या गाड्या मी बऱ्याच पाहिल्यात. शेवटी सायलेन्सर आवळला आणि चेनचा ताण व रेष तपासली, कारण इंजिन जरी दोन मिलिमीटर सरकलं तरी चेनला ते कळतं.

दोन बुश, एक बोल्ट, नट मिळून खर्च तीनशेच्या आत आला. मिस्त्रींनी मजुरी घेतली नाही, फक्त चाफ्याची मूठभर फुलं घेतली. पुढच्या रविवारी, साधारण दोनशे किलोमीटर झाल्यावर, गाडी परत बोलावली होती. नवं रबर सुरुवातीला थोडं बसतं, रंग दबतो, म्हणून बोल्ट पुन्हा तपासायचे असतात. एकच बोल्ट पाव फेरा फिरला. मी मुलाच्या वडिलांना हाताचं विचारलं. म्हणाले, "आता उतरल्या उतरल्या सुट्टे पैसे मोजता येतात, सर."