क्वासार एकच, मग एक प्रतिमा तांबूस का?

प्रश्न : गुरुत्वीय भिंगामुळे एकाच क्वासारच्या दोन-चार प्रतिमा दिसतात, असं वाचलं. गुरुत्वाकर्षण सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच वळवतं. तरी एखादी प्रतिमा दुसरीपेक्षा तांबूस कशी? ही ताम्रसृतीच का?

उत्तर : नाही. ताम्रसृतीत वर्णपटातल्या रेषाच सरकतात, आणि सगळ्या प्रतिमांत सारख्याच सरकतात. १९७९ साली वॉल्श, कार्सवेल आणि वेमन यांनी पहिला जुळा क्वासार ओळखला, तो दोन्ही वर्णपट जुळले म्हणूनच. तुम्ही म्हणता तो तांबूसपणा येतो वाटेतल्या धुळीमुळे.

भिंग झालेली दीर्घिका स्वच्छ थोडीच असते! तिच्यातले सिलिकेटचे आणि कार्बनचे बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, तांबडा त्या मानाने निसटतो. क्वासारचे किरण या दीर्घिकेतून एकमेकांपासून हजारो प्रकाशवर्षांवरून जातात. एकाच्या वाटेत दाट ढग येतो, दुसऱ्याला रान मोकळं.

‘बी ०२१८+३५७’ हे यातलं नामी उदाहरण. त्याच्या दोन प्रतिमांत जेमतेम एक तृतीयांश विकलेचं अंतर आहे. रेडिओ दुर्बिणीतून पाहिलं तर ‘अ’ प्रतिमा ‘ब’च्या सुमारे तिप्पट तेजस्वी, दृश्य प्रकाशात मात्र ‘अ’च फिकी! रेडिओ लहरींची लांबी धूलिकणांपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे धूळ त्यांना अडवत नाही. ‘अ’च्या वाटेत रेणूंचा ढग आहे, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडची खूण १९९५ मध्ये सापडली.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. एरवी धूळ मोजायची तर वस्तूचा मूळ रंग माहीत असावा लागतो. इथे त्याची गरजच नाही. स्रोत एकच असल्याने क्वासारच्या घरची धूळ दोन्हींकडून वजा होते आणि उरतो तो भिंग-दीर्घिकेतल्या दोन वाटांमधला फरक. ‘एसबीएस ०९०९+५३२’च्या भिंग-दीर्घिकेत २००२ साली २१७.५ नॅनोमीटरपाशी धुळीच्या शोषणाचा उंचवटा सापडला. आपल्या आकाशगंगेतली धूळही नेमकी तिथेच असा उंचवटा दाखवते, आणि ती दीर्घिका तर आपल्याला सुमारे सात अब्ज वर्षांपूर्वीची दिसते!

एक पथ्य मात्र पाळावं लागतं. भिंग-दीर्घिकेतला एखादा तारा मध्ये आला, तर क्वासारचा इवलासा निळा गाभा एका प्रतिमेत जास्त उजळतो आणि दुसरी उगाच तांबूस वाटते. म्हणून रुंद वर्णरेषांचं तेजही तपासतात. त्या बऱ्याच मोठ्या भागातून येतात, त्यामुळे ताऱ्याचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. धूळ मात्र रेषा आणि त्यांच्या आजूबाजूचा प्रकाश दोन्ही सारखेच मंद करते.