मुरुडचा विद्यार्थी

कोकणातील मुरुड गावी धोंडो केशव कर्वे नावाचा एक मुलगा शिकत होता. १८७५ साली, ऐन पावसाळ्यात, सरकारी परीक्षेसाठी तो सोबत्यांसह पायीच साताऱ्यास निघाला. वाटेत सह्याद्रीचा अवघड घाट होता. परीक्षेस वयाची सतरा वर्षे पुरी असावी लागत. धोंडोची ती झाली होती. परंतु अंगकाठी लहानखुरी. ‘हा सतरा वर्षांचा दिसत नाही,’ असे ठरवून परीक्षकांनी त्यास परत पाठविले. केवढा हा हिरमोड!

तरीही धोंडोने शिक्षण सोडले नाही. पुढे तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. मुंबईस शिकवण्या करीत शिकून १८८४ साली तो गणित विषय घेऊन पदवीधर झाला.

हेच पुढे महर्षी कर्वे म्हणून विख्यात झाले. ज्यांना घराचा उंबरठाही ओलांडता येत नसे, अशा विधवांसाठी त्यांनी १८९६ साली पुण्यात आश्रम काढला. १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९५८ साली ‘भारतरत्न’ देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

मुलांनो, तुम्हीही उद्या शिकावयास गाव सोडाल. एखादे दार मिटलेले आढळले, तर खचू नका. आणि आत प्रवेश मिळाला, की मागून येणाऱ्यांसाठी ते उघडे ठेवा.