बर्ड फ्लू : रोग पक्ष्यांचा, प्रश्न माणसांचा

२०२५ सालच्या फेब्रुवारी महिन्यात आपल्या धाराशिव तालुक्यातील ढोकी येथे कावळे मरून पडू लागले. मृत पक्ष्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले आणि हे मृत्यू बर्ड फ्लूने झाल्याचे निष्पन्न झाले. त्याआधी जानेवारीत शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीर शहरात, पन्नासहून अधिक कावळे याच रोगाने दगावले होते. वर्तमानपत्रांत काही दिवस बातम्या आल्या आणि मग विषय मागे पडला. आपल्या स्मरणिकेच्या निमित्ताने तो विद्यार्थ्यांपुढे पुन्हा मांडावा, असे आम्हांस वाटते. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. विषाणूंचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु साथीचा रोग हा जितका विज्ञानाचा तितकाच इतिहासाचाही विषय आहे. साथीत कोण मेले याच्या नोंदी वाचल्या की त्या समाजाची रचना डोळ्यांसमोर उभी राहते.

रोगाची ओळख

बर्ड फ्लू म्हणजे पक्ष्यांना होणारा इन्फ्लुएन्झा. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रकारची प्रथिने असतात. त्यांना ‘एच’ आणि ‘एन’ अशी संक्षिप्त नावे आहेत. ‘एच’ प्रथिनाच्या साहाय्याने विषाणू पेशीला चिकटून आत शिरतो, तर ‘एन’ प्रथिनामुळे नवे विषाणू पेशीपासून सुटून बाहेर पडतात. या दोन्हींचे अनेक उपप्रकार आहेत. आज जगाला ज्याची धास्ती वाटते तो विषाणू ‘एच५एन१’ या नावाने ओळखला जातो.

या विषाणूंचे मूळ घर म्हणजे रानबदके, हंस यांसारखे पाणपक्षी. त्यांच्यातील कित्येक पक्षी स्वतः आजारी न पडता विष्ठेतून विषाणू बाहेर टाकतात. थंड पाण्यात व ओलसर विष्ठेत तो बराच काळ टिकून राहतो. कोंबड्यांना त्याची लागण झाली, की दोन-तीन दिवसांत अख्खे खुराडे रिकामे होऊ शकते. कावळा मेलेले जनावर आणि उकिरड्यावरील घाण खातो; म्हणून त्याला लागण लवकर होते. गावात कावळे मरू लागले, तर तो कोणताही अपशकुन नसतो. आसपास कोठेतरी रोग पोहोचला आहे, ही त्यातून मिळणारी सूचना असते आणि ती वेळीच ओळखणाऱ्या गावाचा फायदाच होतो.

हा रोग दोन मार्गांनी प्रवास करतो. एक मार्ग पक्ष्यांच्या पंखांचा. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो पक्षी याच विषाणूने मेले. त्यांत पट्टकादंब या हंसजातीच्या पक्ष्यांची संख्या मोठी होती. हेच पट्टकादंब हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतातील जलाशयांवर उतरतात. दुसरा मार्ग व्यापाराचा. कोंबड्यांचे पिंजरे, अंड्यांचे ट्रे, खाद्याच्या गोण्या, वाहनांची चाके आणि माणसांच्या चपला यांच्याबरोबर विषाणू गावोगाव जातो. आपल्या जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर नगरीतील माल दोन हजार वर्षांपूर्वी भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. रस्ते माल नेतात तसे रोगही नेतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावयास नको.

पक्ष्यांकडून माणसांकडे

माणसात हा विषाणू सहसा सहज शिरत नाही. पक्ष्यांच्या पेशींवरील ज्या खुणेला तो चिकटतो, तशी खूण माणसाच्या नाका-घशात फारशी आढळत नाही. ती फुप्फुसात खोलवर असते. म्हणून लागण क्वचित होते. परंतु झाली तर ती थेट फुप्फुसावर आघात करू शकते.

१९९७ मध्ये हाँगकाँग येथे एच५एन१ची माणसांना लागण झाल्याची पहिली नोंद झाली. १८ जण आजारी पडले, त्यांपैकी ६ जण मरण पावले. तेथील सरकारने दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारून ती साथ रोखली. २००३ पासून जगभरात नऊशेंहून अधिक माणसांना या विषाणूची लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. सौम्य आजाराची नोंद अनेकदा होतच नाही, म्हणून हे प्रमाण प्रत्यक्षात काहीसे कमी असू शकते. तरीही ते दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

भारतात पाळीव कोंबड्यांतील पहिला उद्रेक आपल्याच महाराष्ट्रात झाला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे मेलेल्या कोंबड्यांत भोपाळच्या प्रयोगशाळेला एच५एन१ आढळला. तेथे लाखो कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्या वेळी माणसांना लागण झाल्याचे आढळले नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या मेल्या. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले व त्यांच्यातही हाच विषाणू सापडला. पक्ष्यांचा हा रोग सस्तन प्राण्यांपर्यंत पोहोचल्याचे ते आपल्या राज्यातील उदाहरण होय. देशात एच५एन१ने झालेला पहिला मानवी मृत्यू २०२१ मध्ये हरियाणातील एका मुलाचा नोंदला गेला. २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची एक बालिका याच रोगाने गेली.

एका माणसाकडून दुसऱ्याकडे सातत्याने पसरण्याची क्षमता या विषाणूने अद्याप मिळवलेली नाही. शास्त्रज्ञांची चिंता पुढची आहे. या विषाणूची जनुके आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच प्राण्याच्या शरीरात पक्ष्यांचा व माणसांचा असे दोन विषाणू एकाच वेळी शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत त्याप्रमाणे हे तुकडे मिसळून नवाच विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या जागतिक साथींचे विषाणू अशाच मिश्रणातून जन्मले होते.

१९१८ चा धडा

या सर्वांत भीषण साथ १९१८ ची. तिचा विषाणूही पक्ष्यांतील विषाणूशी जवळचे नाते सांगणारा होता, असे पुढे जनुकीय अभ्यासातून दिसून आले. पहिले महायुद्ध संपत आले असताना जहाजांतून हा रोग मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेने देशभर पसरला. भारतात एक कोटीहून अधिक माणसे मेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. भारतीय जनगणनेच्या इतिहासात असे दुसरे दशक नाही.

मुंबई शहराच्या आरोग्य खात्याने त्या साथीतील मृत्यूंची जातवार व धर्मवार नोंद ठेवली होती. दर हजारी मृत्यू असे होते : युरोपियन ८.३, पारशी ९.०, सवर्ण हिंदू १८.९, मुसलमान १९.२ आणि ज्यांना त्या नोंदीत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले आहे ते ६१.६.

विद्यार्थ्यांनी हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. विषाणूला जात कळत नाही. मग एकाच शहरात, एकाच महिन्यात, एकाच रोगाने एका वस्तीत आठ आणि दुसऱ्या वस्तीत एकसष्ट माणसे का मेली? दाटीची खोली, अपुरे अन्न, पाण्याचा अभाव, आजारी पडले तरी कामावर जाण्याची सक्ती आणि दवाखान्याचे अंतर, ही त्याची कारणे आहेत. रोग निसर्गातून आला. परंतु मरणाची वाटणी समाजाने केली.

सर्वांत आधी कोणाला?

बर्ड फ्लूचा धोका सर्वांना सारखाच आहे, असे आपण म्हणतो. धोक्याचा क्रम पाहिला तर ते खरे नाही. सर्वांत आधी विषाणूशी गाठ पडते ती पक्ष्यांना हात लावणाऱ्याची : पोल्ट्रीतील मजुराची, चिकनच्या दुकानात कोंबडी कापणाऱ्याची, अंगणात चार गावरान कोंबड्या पाळणाऱ्या भूमिहीन बाईची आणि रोगट कोंबड्या मारून पुरणाऱ्या कामगाराची. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये बर्ड फ्लूच्या दुसऱ्या एका प्रकाराची ८९ जणांना लागण झाली. त्यांत बहुतेक कोंबड्या हाताळणारे होते आणि मृत्यू आला तो एका पशुवैद्याला. २०२४ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कडक उन्हाळ्यात कोंबड्या नष्ट करणाऱ्या मजुरांना लागण झाली. शेडमध्ये इतका उकाडा होता की मुखपट्टी आणि चष्मा अंगावर ठेवणे त्यांना अशक्य झाले होते. जगातील सर्वांत श्रीमंत देशात ही स्थिती, तर आपल्या वाड्या-वस्त्यांवरील मजुराची काय असेल?

आपल्याकडे यात आणखी एक प्रश्न मिसळलेला आहे. गावात मेलेला कावळा किंवा कोंबडी कोणी उचलावी? हा प्रश्न विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर ठरलेले असे. मेलेली जनावरे ओढण्याचे काम शतकानुशतके विशिष्ट जातींच्या माथी मारले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे व ती ओढणे सोडून देण्याचा आग्रह धरला. फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदारांची परिषद झाली, तेव्हाही ते वतनाच्या बेडीविषयीच बोलण्यासाठी आले होते. ज्या ढोकीत कावळे मेले, तिच्यापासून तडवळे फार दूर नाही. बाबासाहेबांचा तो लढा मुख्यतः माणसाच्या प्रतिष्ठेचा होता. आज विषाणूशास्त्राच्या उजेडात पाहिले, तर तो आरोग्याचाही लढा होता हे ध्यानात येते. मृत जनावर हाताळणे हे धोक्याचे काम आहे. ते जातीने ठरू नये. प्रशिक्षण, हातमोजे, मुखपट्टी, योग्य मोबदला आणि वैद्यकीय तपासणी यांसह ते कोणत्याही कर्मचाऱ्याने करावे, हीच त्या लढ्याची आजची मागणी होय.

कायदा आणि कोंबडीवाल्याची अडचण

प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार रोगाचा संशय आल्यास पक्ष्यांच्या मालकाने तो कळवणे बंधनकारक आहे. रोग निश्चित झाला की सामान्यतः एक किलोमीटर परिसरातील कोंबड्या नष्ट करतात आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी केली जाते. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची नव्हे. ज्या बाईचा मिठामिरचीचा खर्च कोंबड्यांवर चालतो, तिला खबर देण्यापेक्षा उरलेल्या कोंबड्या गुपचूप बाजारात नेणे सोयीचे वाटते. यात तिला दोष देणे सोपे आहे. भरपाई लवकर आणि पुरेशी मिळाली तर ती स्वतःहून खबर देईल आणि साथ लवकर आटोक्यात येईल. गरिबाला न्याय देणे हाही साथ रोखण्याचा उपाय आहे.

याउलट अफवा साथीइतक्याच घातक ठरतात. २०२० च्या आरंभी चिकनमुळे करोना होतो अशी अफवा पसरली आणि कोंबड्यांचे भाव कोसळले. कष्टकऱ्याच्या मुलाच्या ताटातील अंडे हे स्वस्त प्रथिन आहे. अफवेपायी ते ताटातून जाऊ नये. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की विषाणू नष्ट होतो. आपल्याकडील उकळता रस्सा व पूर्ण उकडलेले अंडे यांपासून भय नाही. धोका आहे तो कच्चे मांस हाताळण्यात, अर्धवट शिजवण्यात आणि आजारी किंवा मेलेली कोंबडी कापण्यात.

आपण काय करावे

निवासी शाळेत शेकडो मुले एकत्र राहतात, एकत्र जेवतात. म्हणून पुढील गोष्टी सर्वांनी पाळाव्यात.

१. मेलेला किंवा मरगळलेला पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, दगड मारू नये. तत्काळ शिक्षकांना सांगावे. शिक्षकांनी पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

२. मेलेला पक्षी ओढ्यात, विहिरीत वा उकिरड्यावर टाकू नये. नमुना घेतल्यावर हातमोजे घालून खोल खड्ड्यात, चुना टाकून तो पुरावा.

३. स्वयंपाकघरात कच्च्या मांसाची सुरी, पाट व भांडी वेगळी ठेवावीत. काम होताच हात साबणाने धुवावेत. अंडी पूर्ण उकडावीत.

४. पक्ष्यांशी संपर्क आल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, धाप किंवा डोळ्यांची लाली जाणवली, तर डॉक्टरांना त्या संपर्काची माहिती आवर्जून द्यावी.

५. सुट्टीत गावी गेल्यावर हे सर्व घरी सांगावे. गावातील मृत जनावर उचलण्यास कोणाला जातीवरून बोलावले जात असेल, तर त्यास विरोध करावा आणि ग्रामपंचायतीकडे रीतसर व्यवस्थेची मागणी करावी.

तथागतांनी शिकवले की प्रत्येक दुःखाला कारण असते आणि कारण दूर करता येते. बर्ड फ्लूच्या दुःखाला दोन कारणे आहेत. एक विषाणू, त्यासाठी विज्ञान आहे, प्रयोगशाळा आहेत, साबण-पाणी आहे. दुसरे कारण विषमता. तिच्यासाठी संविधान आहे आणि आपण आहोत. आपल्या शाळेतून उद्या पशुवैद्य, परिचारिका, ग्रामसेवक आणि शास्त्रज्ञ घडतील. पुढच्या साथीच्या नोंदी त्यांच्याच हातून लिहिल्या जातील. त्या नोंदींत पुन्हा आठ आणि एकसष्ट असे आकडे शेजारी शेजारी येऊ नयेत, एवढी जबाबदारी त्यांनी आजच स्वीकारावी, अशी आमची अपेक्षा आहे.