नाइटची ढाल आणि नाइटचा शब्द

मध्ययुगीन यूरोपचा इतिहास वाचतांना ‘नाइट’ हा शब्द विद्यार्थ्यांस पावलोपावलीं भेटतो. चिलखत घातलेला, हातीं भाला घेतलेला, घोड्यावर स्वार झालेला वीर, एवढें चित्र त्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु हा मनुष्य कोण, त्यास ही पदवी कशी मिळे, त्याच्या ढालीवरील सिंहाचा किंवा पट्ट्याचा अर्थ काय, आणि ज्या शूरधर्माचा एवढा गौरव होतो तो प्रत्यक्षांत कितपत पाळला जात असे, हे प्रश्न बहुधा तसेच राहून जातात. प्रस्तुत लेखांत त्यांचा विचार एका खऱ्या नाइटच्या चरित्राच्या आधारें करण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव विल्यम मार्शल.

विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या वडील मुलानें फ्रेंच भाषेंत त्याचें पद्यमय चरित्र लिहवून घेतलें. त्याच्या ओळी एकोणीस हजारांहून अधिक आहेत. पुढें तें इतकें विस्मृतींत गेलें कीं, 1861 सालीं पॉल मेयर या फ्रेंच पंडिताच्या दृष्टीस लंडनमधील एका लिलांवांत त्याचें हस्तलिखित पडलें, तेव्हां विद्वानांनाहि तें नवीन होतें. मुलानें करविलेल्या चरित्रांत बापाची स्तुति असावयाचीच. तरी नाइटचें रोजचें जिणें, त्याची मिळकत व त्याचे मानापमान यांची इतकी बारीक माहिती अन्यत्र क्वचितच सांपडते.

विल्यमचा जन्म 1147 च्या सुमारास इंग्लंडांत झाला. त्याचा बाप जॉन हा राजाच्या अश्वशाळेवरील ‘मार्शल’ नांवाचा वंशपरंपरागत अधिकारी होता. त्या काळीं राजा स्टीफन व सम्राज्ञी मॅटिल्डा यांच्यामध्यें गादीसाठीं युद्ध चाललें होतें. 1152 सालीं स्टीफननें न्यूबरी येथील जॉनच्या किल्ल्यास वेढा दिला. जॉननें तहाची मुदत मागितली व ओलीस म्हणून पांच वर्षांचा विल्यम राजाच्या स्वाधीन केला. आणि मुदत मिळतांच किल्ल्यांत दाणागोटा व शिबंदी भरून वचन मोडलें. मुलास फांशीं देण्याची धमकी आली, तेव्हां, याहून चांगले मुलगे घडविण्यास आपला हातोडा व ऐरण शाबूत आहेत, असा निरोप त्या बापानें धाडला. मुलगा वांचला तो केवळ राजाच्या मनाच्या कोमलतेमुळें. दिलेला शब्द मोडल्यास त्याचें मोल कोणास भरावें लागतें, हा धडा विल्यम अशा रीतीनें बालपणींच शिकला.

विल्यम हा चौथा मुलगा. त्याच्या वांट्यास जमीन येण्याची आशा नव्हती. अशा मुलांना नाइट होणें हाच उत्कर्षाचा मार्ग असे. आपल्याकडील शिलेदार जसा स्वतःचा घोडा व स्वतःचीं हत्यारें घेऊन चाकरीस जाई, तसाच नाइटहि आपल्या खर्चानें सज्ज होऊन धन्याच्या सेवेस जाई. लढाईचा घोडा, लोखंडी कड्यांचें चिलखत, शिरस्त्राण, तरवार, भाला व ढाल यांस फार पैसा लागे. म्हणून बहुतेक नाइट धन्यानें दिलेल्या जहागिरीवर किंवा धन्याच्याच पदरीं राहून निर्वाह करीत. शिक्षणाची रीति अशी होती कीं, मुलानें प्रथम एखाद्या मोठ्या सरदाराच्या वाड्यांत हुजऱ्या म्हणून राहावें, नंतर ‘स्क्वायर’ होऊन नाइटचा घोडा व शस्त्रें सांभाळावीं, मेजवानीच्या वेळीं वाढावें, आणि हीं कामें करतां करतां घोडदौड, भाल्याचा मारा, बोलण्याचालण्याची अदब हीं आत्मसात करावीं. विल्यम या शिक्षणासाठीं नॉर्मंडींत टँकरव्हिल येथील सरदाराकडे राहिला.

सुमारें वीस वर्षांचा झाल्यावर, 1166 च्या सुमारास, विल्यमच्या कमरेस तरवार बांधण्यांत आली व तो नाइट झाला. पुढील काळांत हा विधि फार विस्तृत झाला. उमेदवारानें स्नान करावें, रात्रभर प्रार्थनामंदिरांत जागरण करावें, सकाळीं उपासना व्हावी, आणि मग तरवार बांधून त्याच्या मानेवर किंवा खांद्यावर हलकासा प्रहार करावा, असा क्रम ठरला. दुर्बळांचें व विधवांचें रक्षण करावें, खरें बोलावें, धन्याशीं इमान राखावें, शरण आलेल्यास मारूं नये, हीं व्रतें त्यास सांगण्यांत येत. यासच फ्रेंच भाषेंतील घोडेस्वारवाचक शब्दावरून ‘शिव्हलरी’ असें नांव पडलें. घोड्यावर बसून मारणाऱ्या माणसाच्या हातास धर्माचा लगाम असावा, हा त्यांतील हेतु होय.

परंतु नवा नाइट व्यवहारांत कसा सांपडतो तें पाहा. आपल्या पहिल्याच लढाईंत विल्यम मोठ्या शौर्यानें लढला, परंतु त्याचा घोडा मारला गेला. रात्रीं मेजवानींत एका उमरावानें त्याच्यापाशीं थट्टेनें घोड्याच्या साजांतील एखादी वस्तु बक्षीस मागितली. आपल्याजवळ तसें कांहीं नाहीं, असें विल्यम म्हणतांच सर्व हंसले. कारण पाडलेल्या शत्रूंचे घोडे व साज ताब्यांत घेण्याचें भान त्यास राहिलें नव्हतें. लवकरच त्यास आपला अंगरखा विकून सामानाचें तट्टू घ्यावें लागलें. शौर्यानें कीर्ति मिळते, पण पोट भरत नाहीं, हें तेव्हां त्यास उमगलें.

ही उणीव त्यानें ‘टुर्नामेंट’ नांवाच्या युद्धक्रीडेंत भरून काढली. हा खेळ म्हणजे दोन पक्षांच्या शेंकडों स्वारांनीं मैलोगणती मोकळ्या मुलखांत केलेली लढाईच असे. यांत प्रतिपक्षाच्या नाइटास ठार करावयाचें नसून जिवंत धरावयाचें असे. धरलेल्यानें घोडा व चिलखत देऊन किंवा खंडणी भरून सुटावें, असा नियम होता. विल्यम व त्याचा एक साथीदार यांनीं एका हंगामांत 103 नाइट धरल्याची नोंद आहे. एकदां त्यास बक्षीस देण्यासाठीं लोक शोधूं लागले, तेव्हां तो लोहाराच्या ऐरणीवर डोकें ठेवून बसलेला आढळला. घाव बसून चेपलेलें शिरस्त्राण निघत नव्हतें म्हणून लोहार तें हातोड्यानें सोडवीत होता! या खेळांत माणसें मरत, म्हणून 1139 च्या लॅटरन येथील धर्मपरिषदेनें त्यांत मेलेल्यांस ख्रिस्ती दफनविधि नाकारला. तरी खेळ थांबला नाहीं. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड यानें तर 1194 सालीं पांच जागा नेमून देऊन भाग घेणारांवर दर्जाप्रमाणें कर बसविला.

अशा गर्दींत शिरस्त्राणानें चेहरा झांकल्यावर आपला कोण व परका कोण, हें ओळखावें कसें? बाराव्या शतकांत ढालीवर ठराविक चिन्हें रंगविण्याची चाल पडली, तींत या गरजेचा मोठा भाग आहे. तीच चिन्हें पुढें अंगरख्यावर, घोड्याच्या झुलीवर, निशाणावर व मोहरेवर आलीं, आणि बापामागून मुलाकडे चालत जाऊन कुलचिन्हें बनलीं. त्यांचा एक नियम लक्षांत ठेवण्यासारखा आहे. सोनेरी व रुपेरी या दोन छटांस ‘धातु’ म्हणतात. तांबडा, निळा, काळा, हिरवा व जांभळा यांस ‘रंग’ म्हणतात. धातूवर धातु किंवा रंगावर रंग काढूं नये. धातूवर रंग अथवा रंगावर धातु काढावी. कारण साधें आहे: पिवळ्यावर पांढरें किंवा काळ्यावर निळें दुरून दिसत नाहीं. विल्यमच्या ढालीचा अर्धा भाग सोनेरी व अर्धा हिरवा असून त्यावर मागील पायांवर उभा राहिलेला तांबडा सिंह होता.

हीं चिन्हें ओळखून त्यांच्या याद्या ठेवणारे ‘हेरल्ड’ नांवाचे जाणते पुढें उदयास आले. इंग्लंडांत त्यांच्या संस्थेस 1484 सालीं राजाची सनद मिळाली. चिन्हाचा अभिमान किती तीव्र असे याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. 1385 सालीं स्कॉटलंडवरील स्वारींत स्क्रोप व ग्रोव्हनर या दोन घराण्यांच्या ढाली सारख्याच आढळल्या: निळ्या जमिनीवर सोनेरी तिरपा पट्टा. खटला सुरू झाला आणि शेंकडों लोकांच्या साक्षी झाल्या. त्यांत कवि चॉसर याचीहि होती. अखेर 1390 सालीं राजानें स्क्रोपच्या बाजूनें निकाल दिला. ग्रोव्हनरनें पट्टा सोडून निळ्या ढालीवर धान्याची सोनेरी पेंढी घेतली.

आतां विल्यमच्या खऱ्या कसोटीकडे वळूं. 1189 सालीं राजा दुसरा हेन्री वृद्ध व आजारी झाला असतां त्याचा मुलगा रिचर्ड यानें फ्रान्सच्या राजाशीं मिळून बंड केलें. हेन्री ल मां शहरांतून माघार घेत असतां रिचर्ड पाठलागावर आला. मागील बाजू राखणारा विल्यम भाला रोखून त्याजवर चालून गेला. रिचर्डच्या अंगांत चिलखत नव्हतें. विल्यमनें भाला वळवून त्याच्या घोड्यास मारला व पाठलाग थांबविला. थोड्याच दिवसांत हेन्री मेला आणि तोच रिचर्ड राजा झाला! परंतु पडत्या धन्याची बाजू न सोडणारा मनुष्य आपल्यालाहि सोडणार नाहीं, हें त्यानें ओळखलें; विल्यमवर राग न धरतां पेंब्रोकची मोठी वारस इझाबेल ही त्यास देऊन त्याचें घर उभें केलें.

1216 सालीं राजा जॉन वारला, तेव्हां त्याचा मुलगा तिसरा हेन्री अवघा नऊ वर्षांचा होता आणि निम्मा देश बंडखोर सरदार व फ्रेंच राजपुत्र लुई यांच्या हातीं होता. सत्तरीच्या घरांतील विल्यमनें राज्याचा कारभार हातीं घेतला. आदल्या वर्षाची ‘मॅग्ना कार्टा’ ही सनद त्यानें कांहीं फेरफार करून पुन्हा जाहीर केली, आणि 20 मे 1217 रोजीं लिंकन येथें स्वतः घोड्यावर बसून शत्रूचा मोड केला.

शूरधर्माचें तेज व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी याच लिंकनच्या लढाईंत दिसतात. पराभूत नाइटांपैकीं फारच थोडे मेले. सुमारें 300 धरले जाऊन जिवंत राहिले, कारण त्यांच्या ढालींवर चिन्हें होतीं व त्यांच्या घरीं खंडणी भरण्यास पैसा होता. पण विजयी सैन्यानें शहर लुटलें, प्रार्थनामंदिरेंहि सोडलीं नाहींत. तत्कालीन इतिहासकार रॉजर ऑफ वेंडोव्हर सांगतो कीं, लुटारूंच्या भयानें शहरांतील स्त्रिया मुलांबाळांसह लहान होड्यांत बसल्या. होड्या भाराक्रांत होऊन उलटल्या व पुष्कळजणी बुडाल्या. दुर्बळांच्या व स्त्रियांच्या रक्षणाचें व्रत घेतलेले वीर त्या वेळीं त्याच शहरांत होते! जें व्रत आपल्या बरोबरीच्यांपुरतेंच पाळलें जातें तें अर्धेंच व्रत होय. मध्ययुगाचा हा दोष आपण झांकूं नये. तसेंच त्यामुळें आदर्शच खोटा होता, असेंहि म्हणूं नये. आदर्श लिहून ठेवलेला होता म्हणूनच त्याचा भंग आज आपणांस दिसतो.

विल्यम 14 मे 1219 रोजीं मरण पावला. मरणशय्येवर एका कारकुनानें त्यास सुचविलें कीं, पदरच्या नाइटांसाठीं आणलेले नवे पोशाख विकून तो पैसा आत्म्याच्या कल्याणार्थ दान करावा. विल्यम त्याजवर रागावला: सण जवळ आला आहे, माझ्या माणसांना त्यांचे पोशाख मिळालेच पाहिजेत. जें ज्याचें देणें तें त्यास पोहोंचविल्यावांचून केलेलें दान त्यास मान्य नव्हतें. लंडनच्या टेंपल चर्चमध्यें त्याची म्हणून दाखविली जाणारी पाषाणमूर्ति आहे. 1941 च्या बाँबवर्षावांत तिची हानि झाली, तरी ती अद्याप तेथेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ शाळांच्या बिल्ल्यांवर ढालीची आकृति असते व तिच्यांत दिवा, पुस्तक किंवा तारा असतो. ती चाल याच कुलचिन्हांपासून आली आहे. नाइटची ढाल दुरून सांगे कीं, हा अमुक घराण्याचा मनुष्य आहे. तो घराण्यास शोभतो कीं नाहीं, हें मात्र जवळ आल्यावर त्याच्या वागण्यावरूनच कळे. बापानें मोडलेल्या शब्दापायीं फांशीच्या दोरापर्यंत गेलेलें एक मूल पुढें शब्द राखणारा पुरुष म्हणून नांवाजलें गेलें, ही गोष्ट बिल्ला लावतांना स्मरणांत ठेवावी. आणि लिंकनच्या नदींत बुडालेल्या त्या निनांवी स्त्रियांसहि विसरूं नये.